एकास गुण, दुसऱ्यास बाधा

‘तें औषध मला बाधतें,’ असें खेड्यांतला रोगी म्हणाला, कीं शिकलेलीं माणसें हंसतात. हें हंसणें प्रत्येक वेळीं शहाणपणाचें नसतें.

यवतमाळ जिल्ह्यांत केळापूर-झरीकडील रानपट्ट्यास हिंवताप नवा नाहीं. त्याच्या व्हायव्हॅक्स जातीचे जंतु यकृतांत दडून बसतात आणि कांहीं आठवड्यांनीं, महिन्यांनींहि ताप उलटतो. या दडलेल्या जंतूंसाठीं प्रायमाक्विनच्या गोळ्या १४ दिवस देतात. बहुतेकांस त्या मानवतात. एखाद्याची लघवी मात्र थोड्याच दिवसांत काळसर होते, डोळे पिवळे पडतात, धाप लागते.

याचें कारण १९५६ सालीं अमेरिकेंत उलगडलें. तांबड्या रक्तपेशींत जी-६-पीडी नांवाचें एक द्रव्य असतें. औषधाचा दाह पेशींस सोसतो तो त्याच्या बळावर. तें जन्मतःच उणें असल्यास पेशी फुटतात. मुलग्यास हा दोष आईकडून येतो. तिच्यांत तो बहुधा झांकलेला असतो. भारतांत पारशी समाजांत व कित्येक आदिवासी जमातींत तो विशेष आढळतो. अशा पेशींत हिंवतापाचे जंतु नीट वाढत नाहींत, म्हणूनच तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला असावा. म्हणजे ज्यानें पूर्वजांस तारलें, तेंच आज औषधाच्या आड येतें!

दोष आहे किंवा नाहीं, हें रक्ताच्या चांचणीनें कळतें. तो सौम्य असल्यास प्रायमाक्विन आठवड्यास एकदां, असें ८ आठवडे, डॉक्टरांच्या देखरेखीखालीं देतां येतें. चांचणीची सोय नसेल तेथें रोग्यास लघवीचा रंग पाहावयास सांगणें अगत्याचें आहे. ती काळी दिसतांच गोळी थांबवून दवाखाना गांठावा.