वजन घटलं, पण हृदयाचं काय?

वजन कमी झालं की रक्तदाब उतरतो, साखर आटोक्यात येते, हृदयावरचा भार हलका होतो. मग वजन घटवणारी गोळीच हृदयाला घातक कशी ठरते? सिबुट्रामाइनची हकीकत पाहिली की हे उलगडतं.

चेतापेशी एकमेकींना निरोप देताना सेरोटोनिन, नॉरएपिनेफ्रिन अशी रसायनं सोडतात. निरोप पोचला की ती परत शोषून घेतात. सिबुट्रामाइन हे शोषण रोखतं. मेंदूत ही रसायनं जास्त वेळ टिकली, की थोडक्या जेवणातच पोट भरल्यासारखं वाटतं.

पण नॉरएपिनेफ्रिनचं काम मेंदूपुरतं नसतं. हृदयाकडे आणि रक्तवाहिन्यांकडे जाणारे चेतातंतूही तेच वापरतात. तिथे ते साठलं, की नाडी वाढते, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो. वजन घटल्यामुळे जो रक्तदाब उतरायचा, तो हेच औषध वर ढकलतं. ज्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झालेल्या असतात, त्यांना हा जादा ताण झेपत नाही.

अमेरिकेत या औषधाला १९९७ साली परवानगी मिळाली. पुढे ‘स्काउट’ नावाच्या चाचणीत ५५ वर्षांपुढच्या, हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्या सुमारे ९,८०० जणांची काही वर्षं पाहणी झाली. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांसारख्या गंभीर घटना औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत १० टक्के, तर सिबुट्रामाइन घेणाऱ्यांत ११.४ टक्के घडल्या. म्हणजे दर हजारात १४ जास्त. मृत्यू वाढले नव्हते, पण एवढी किंमत मोजावी इतकं वजनही उतरत नव्हतं. २०१० साली युरोप-अमेरिकेत ते बंद झालं, २०११ मध्ये भारतातही त्यावर बंदी आली.

तरीही ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वजन घटवण्याच्या पावडरी-कॅप्सूलमध्ये ते लपवलेलं वारंवार सापडतं.

सगळीच औषधं अशी नसतात. सेमाग्लुटाइडमुळे हृदयविकार असलेल्या स्थूल व्यक्तींमधल्या अशा घटना सुमारे २० टक्क्यांनी घटल्याचं २०२३ मध्ये दिसलं. नाडी मात्र त्यानेही किंचित वाढते. म्हणून कुठलंही औषध सुरू करण्याआधी हृदयविकार, रक्तदाब, चालू गोळ्या यांची सगळी माहिती डॉक्टरांना द्या. औषध चालू असताना वजनाबरोबर नाडी आणि रक्तदाबही तपासून घ्या. छातीत दुखलं, धाप लागली, तर वाट न पाहता रुग्णालय गाठा.