सिक्वेन्स मोठा की कलर?

धायरीतल्या आमच्या सोसायटीत गणपतीच्या जागरणाला तीन पत्ती ठरलेली. त्यामुळे कॉलेजातल्या भाच्याला पोकर शिकवायला बसले, तेव्हा तो पहिल्याच डावात अडला. तीन पत्तीत सिक्वेन्स (लागोपाठची पानं) कलरला (एकाच रंगाची पानं, जसे सगळे बदाम) मारतो, इथे कलर सिक्वेन्सला. "मावशी, हे उलटं का?" मी गणिताची शिक्षिका. या प्रश्नाने मला फार आनंद झाला.

५२ पानांतून तीन-तीन पानांचे २२,१०० हात निघतात. प्युअर सिक्वेन्स (एकाच रंगाचे सिक्वेन्स) बाजूला ठेवले, तर त्यात कलर १,०९६ आणि सिक्वेन्स ७२०. पाच पानांचे हात निघतात २५,९८,९६०. त्यात सिक्वेन्स १०,२०० आणि कलर अवघे ५,१०८. जो हात दुर्मीळ, तो वरचढ. पोकरचा सगळा क्रम याच न्यायाने लागतो: जोडी, दोन जोड्या, तीन सारखी, सिक्वेन्स, कलर, फुल हाउस (तीन सारखी आणि एक जोडी), चार सारखी आणि सर्वांत वर एकाच रंगाचा सिक्वेन्स.

टेक्सस होल्डेम या प्रकारात प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात. मग मधोमध आधी तीन, नंतर एक, शेवटी आणखी एक अशी पाच पानं उघडतात; ती सगळ्यांची. या सातांतून उत्तम पाच निवडायची. दर टप्प्यावर बोली लावायची, वाढवायची किंवा पानं टाकून द्यायची.

खरी गंमत बोलीत आहे. समजा, तुमच्याकडे चार बदाम जमलेत आणि एकच पान उघडायचं राहिलंय. न दिसलेली पानं ४६, त्यात बदाम ९. म्हणजे साधारण पाचात एकदा कलर लागेल. समोर ५० चिंचोके पडलेत आणि १० टाकायचे असतील तर टाका. समोर २०च असतील तर पानं टाकून द्या. हा हिशेब न करता नुसत्या हौसेने बोली लावत राहणं मला पटत नाही. तो खेळ नशिबाचाच उरतो.

आम्ही चिंचोक्यांवरच खेळतो. पैसे लावून ऑनलाइन खेळायच्या अशा खेळांवर केंद्राने २०२५च्या कायद्याने बंदी घातली आहे, मग तो खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा. हिशेब शिकायला पैसे लागतही नाहीत. या सुट्टीत मुलांना घेऊन बसा, आणि डाव मांडण्याआधी त्यांच्याकडून सिक्वेन्स आणि कलर मोजून घ्या.