उचल, कुणबीण आणि १८४३ चा कायदा

बीडहून सोलापूरच्या रस्त्याने निघाले की बिंदुसरा प्रकल्पाजवळ पाली लागते. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील गावोगावच्या ऊसतोड टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे रवाना होतात. निघण्यापूर्वी मुकादमाकडून ‘उचल’ घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि हिशेब कोयत्यावर. उचल घेऊन जोडी आलीच नाही किंवा हंगाम अर्ध्यावर सोडून परतली, की प्रकरण पोलिस ठाण्यात जाते. मुकादम फसवणुकीची तक्रार करतो, मजूर डांबून ठेवल्याची. वाद पैशाचा की माणसाचा, हा प्रश्न मात्र फार जुना आहे.

पेशवाईत तो उघडउघड माणसाचाच होता. कुणबिणींची आणि बटकींची खरेदी-विक्री होत असे. सरकारच्या स्वतःच्या कुणबिणी कोठ्यांत आणि किल्ल्यांवर राबत. व्यभिचाराचा ठपका आलेल्या स्त्रीलाही सरकारी कुणबीण केले जाई. कुणबीण पळाली किंवा दुसऱ्याने ठेवून घेतली, तर धनी सरकारात फिर्याद करून तिचा ताबा मागे. भांडण दोन धन्यांचे. ती स्वतः त्यात केवळ वादाची वस्तू.

हा दावा मोडून काढला तो ईस्ट इंडिया कंपनीच्या १८४३ च्या पाचव्या कायद्याने. त्यात अवघी चार कलमे होती. न्यायालयाच्या हुकुमाच्या अंमलबजावणीत अथवा थकलेल्या साऱ्यापोटी कोणाही अधिकाऱ्याने माणूस विकू नये. गुलामावरील मालकी हक्क कोणत्याही न्यायालयाने मान्य करू नये. गुलाम म्हणून कोणाची स्वकष्टार्जित मालमत्ता हिरावून घेऊ नये. आणि स्वतंत्र माणसाविरुद्ध जो गुन्हा, तो गुलामाविरुद्धही गुन्हाच. गंमत अशी, की गुलाम बाळगणे या कायद्याने गुन्हा ठरले नाही. धन्यासाठी न्यायालयाचे दार तेवढे बंद झाले. पळालेली कुणबीण परत मिळवून देणारे सरकार उरले नाही, आणि मालकीची खरी ताकद तर तेच होते. गुलामांची खरेदी-विक्री गुन्हा ठरली ती पुढे, १ जानेवारी १८६२ रोजी भारतीय दंड संहिता अमलात आल्यावर. दरम्यान १८५७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉट या गुलामाचा स्वातंत्र्याचा दावा फेटाळला. तेथे न्यायालय धन्याच्या बाजूने उभे राहिले.

बीडला मात्र १८४३ च्या कायद्याचा उपयोग नव्हता. हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सप्टेंबर १९४८ पर्यंत तो तसाच राहिला. वेठबिगारीला मनाई करणारा संविधानाचा २३ वा अनुच्छेद १९५० मध्ये आला, आणि वेठबिगार पद्धती निर्मूलनाचा स्वतंत्र कायदा १९७६ मध्ये.

या १९७६ च्या कायद्याची युक्ती १८४३ चीच आहे. वेठबिगारीचे कर्ज रद्द समजले जाते आणि त्याच्या वसुलीसाठी दिवाणी न्यायालयात दावाच चालत नाही. शिवाय येथे शिक्षाही आहे. हे कर्ज वेठबिगारीचे नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी कर्ज देणाऱ्यावर टाकली आहे. बंधुआ मुक्ती मोर्चा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८३ च्या अखेरीस आणखी एक पाऊल टाकले. सक्तीने राबवून घेतले जात असल्याचे दिसले, की ते आगाऊ रकमेपोटीच आहे असे गृहीत धरावे, असे न्यायालयाने म्हटले.

अर्थात प्रत्येक उचल म्हणजे वेठबिगारी नव्हे. मुकादमही पुष्कळदा वाहतूक ठेकेदाराच्या पैशात अडकलेला असतो. पण फड सोडून घरी जायचे म्हटल्यावर मजुराला जाता येते का, हे ठाण्यातील अंमलदाराने आधी विचारायला हवे. उचल किती होती आणि फिटली किती, हा हिशेब त्यानंतरचा.