यमुनाकाठचे 'हाड'

यमुना ही पानिपत जिल्ह्याची पूर्वेची हद्द. पुराने कापलेल्या काठाच्या मातीतून कधी कधी बोटभर ते हातभर लांबीचे, पांढुरके, गाठाळ तुकडे उघडे पडतात. एक टोक फुगीर, मधला भाग बारीक, पृष्ठभाग खडबडीत. पानिपतच्या तिसऱ्या लढाईचे स्मारक असलेल्या काला आंबचे दर्शन घेऊन नदीकडे वळलेल्या मराठी माणसाला असा तुकडा दिसला की 14 जानेवारी 1761 ची ती लढाई आठवतेच. मग हे हाडच, असे मन ठरवून मोकळे होते.

बहुतेक वेळा तो कंकर असतो. पावसाचे पाणी गाळातला चुना विरघळवून खाली नेते. उन्हाळ्यात पाणी उडून जाते आणि चुना मातीचे कण धरून गोठतो. यातून आल्याच्या गड्ड्यासारखे आकार तयार होतात. झाडाच्या मुळाभोवती चुना साचला आणि मूळ कुजून गेले, तर मधोमध पोकळी उरते. नळीच्या हाडाचा भास होतो तो इथेच. यमुनेच्या जुन्या गाळाला बांगर आणि पुराच्या नव्या गाळाला खादर म्हणतात. कंकर मुख्यतः बांगरात.

ओळखीला प्रयोगशाळा लागत नाही. कंकरावर तोंडाची वाफ सोडली की ओल्या मातीचा वास येतो. चाकूने खरवडलेल्या भुकटीवर लिंबू पिळले की ती फसफसते. पण एवढ्यावर निकाल देऊ नये, कारण अश्मीभूत हाडाच्या छिद्रांतही चुना भरलेला असू शकतो. खरी साक्ष तुटलेल्या कडेची. कंकरात माती, वाळू आणि चुना यांचा गच्च गोळा दिसतो. हाडात बाहेर घट्ट कवच आणि टोकाशी आत बारीक जाळी दिसते.

जाळी दिसली तरी ते 1761 चे ठरत नाही. अडीच-पावणेतीनशे वर्षांत हाडाचा दगड होणे अवघड. जड, दगडी हाड असेल तर ते बहुधा फार जुन्या प्राण्याचे. 1830 च्या दशकात यमुनेचा जलमार्ग मोकळा करताना अशी हाडे मिळाली होती. याच नदीकाठी खाली काल्पीला सुमारे 45 हजार वर्षांपूर्वीच्या थरांत हत्तीचे अवशेष सापडले आहेत.

आकारावरून घाईने निष्कर्ष काढण्याची खोड जुनी आहे. आधी अहमदनगरला आणि मग विजापूरला राहिलेल्या फरिश्ता या इतिहासकाराने फिरोजशहा तुघलकाच्या काळातली एक नोंद दिली आहे. कालव्यासाठी टेकडी फोडताना हत्तींची आणि माणसांची हाडे निघाली. माणसाच्या हाताचे हाड तीन गज भरले, काही हाडे दगड झालेली होती. तीन गजांचा हात माणसाचा नसतो. ती हाडे कुणा मोठ्या प्राण्याची असणार, हे उघड आहे. हाडे दगड झाली होती हे निरीक्षण मात्र अचूक होते.

कडेला जाळी दिसली, तर वस्तू उचलू नये आणि फोडूनही पाहू नये. ती कोणत्या थरात आहे यावर तिचे वय ठरते. जागेवरून हलवली की ती माहिती गेली. मोजपट्टी ठेवून फोटो काढावा, जागा टिपून ठेवावी आणि पुरातत्त्व खात्याला किंवा भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवावे. फसफसणारा, बिनजाळीचा गोळा असेल, तर तो चुनखडीचा खडा समजावा.