पुराचे पाणी आणि विम्याचा कागद

पाऊस आपल्याला नवा नाही. मृग लागला की ओढे भरतात, भाताची रोपे वर येतात. पाऊस हा आपला अन्नदाता. पण तोच पाऊस एखाद्या रात्री उंबरा ओलांडतो आणि कैक वर्षांची कमाई घेऊन जातो. असे का होते? आणि झाले तर पुन्हा उभे कसे राहावे? या धड्यात आपण तेच पाहू.

प्रथम महाडचे उदाहरण घेऊ. सावित्री नदी महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते. घाट उतरून ती महाडला येते. तिथे गांधारी नदी तिला मिळते. पुढे बाणकोटच्या खाडीतून ती समुद्राला जाते. २२ जुलै २०२१ च्या सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. हे पाणी सपाट अंगणात अडवून धरले असते, तर जवळजवळ दोन फूट झाले असते. ते सारे घाटाखाली धावले. पौर्णिमा दोनच दिवसांवर होती, म्हणजे उधाणाचे दिवस. भरती असली की खाडी नदीला वाट देत नाही. वरून लोंढा, खालून भरती आणि मधे महाड! बाजारपेठ बुडाली. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. २००५ च्या जुलैतही महाडला पूर आला होता. तेव्हा दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते या गावांवर दरडी आल्या होत्या.

म्हणून आपल्या घराचा धोका ओळखताना फक्त आपल्या अंगणातला पाऊस पाहू नये. नदीच्या माथ्यावर किती पडतो, आज भरती केव्हा आहे, घरामागचा डोंगर कसा आहे, हेही पाहावे. पेण-अलिबागच्या खारेपाटात आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे खारबांध. तो फुटला की खारे पाणी शेतात शिरते आणि पुढची काही वर्षे भात नीट पिकत नाही.

सरकार नदीकाठी दोन पूररेषा आखते. एक निळी, दुसरी लाल. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. इथे पुष्कळांची गफलत होते. ते म्हणतात, "यंदा मोठा पूर येऊन गेला, आता पंचवीस वर्षे घोर नाही." हे खरे नव्हे. शाळेत आम्ही असा हिशेब चिठ्ठ्या घेऊन शिकवीत असू. मडक्यात १०० चिठ्ठ्या टाका. त्यांतल्या ४ चिठ्ठ्यांवर 'पूर' लिहा. दरवर्षी न बघता एक चिठ्ठी काढा आणि पुन्हा मडक्यात टाका. निळ्या रेषेवरच्या घराचे नशीब असे आहे. गेल्या वर्षी 'पूर' निघाला, तरी यंदाही त्या ४ चिठ्ठ्या मडक्यात आहेतच. अशा घरात कोणी २५ वर्षे राहिला, तर त्या काळात निदान एकदा पूर येण्याचा संभव १०० मध्ये ६४ इतका आहे. नदीच्या बाजूला त्याहून खाली असलेल्या घराला धोका आणखी जास्त.

आता विम्याकडे वळू. गावात एकाचे घर जळाले तर गावकी धावते. कोणी वासे देतो, कोणी कौले देतो, कोणी दोन दिवस राबतो. शंभर घरांनी तीनशे-तीनशे रुपये काढले तरी तीस हजार होतात. विम्याचे मूळ हेच आहे. सर्वांनी थोडे द्यायचे, ज्याच्यावर प्रसंग आला त्याला मोठी रक्कम मिळायची.

मग गावकीच पुरे, कंपनी कशाला? कारण आग एका घराला लागते, पूर साऱ्या गावाला बुडवतो. शेजाऱ्याचीच चूल विझली, तर तो आपल्याला काय देणार? तेव्हा मदत दूरवरून यावी लागते. विमा कंपनी नागपूर, सोलापूर, पार पंजाबपर्यंतच्या लोकांचे हप्ते एकत्र करते. सगळीकडे एकाच दिवशी पूर येत नाही. कंपनीसुद्धा आपल्यावरच्या बोजाचा विमा दुसऱ्या मोठ्या कंपन्यांकडे, परदेशातही, उतरवते. म्हणजे पुरासाठी गावकी फार मोठी लागते.

१ एप्रिल २०२१ पासून घरासाठी 'भारत गृह रक्षा' नावाचे विमापत्र सुरू झाले. सर्व कंपन्यांत त्याच्या मुख्य अटी सारख्या असतात. त्यात आग, वादळ, पूर, दरड यांचे नुकसान धरले आहे. घराची रक्कम बांधकामाच्या खर्चावर लिहावी, जमिनीची किंमत त्यात धरू नये. घरातल्या सामानासाठी घराच्या रकमेच्या वीस टक्के, पण जास्तीत जास्त दहा लाख रुपये, आपोआप धरले जातात. रोख पैसे त्यात येत नाहीत. दागिने हवे असतील तर वेगळे लिहून द्यावे लागतात. गाडीचा विमा निराळा. नुसता 'थर्ड पार्टी' विमा असेल, तर बुडालेल्या गाडीचे पैसे मिळत नाहीत.

पिकाचे वेगळे आहे. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत खरीप भाताला शेतकऱ्याचा हप्ता विमा रकमेच्या दोन टक्क्यांपर्यंत असतो. महाराष्ट्रात २०२३ मध्ये आलेली एक रुपयाची सवलत २०२५ मध्ये बंद झाली. त्याच वर्षी भरपाई पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे साऱ्या मंडळाच्या उत्पन्नावर ठरू लागली. एकट्याच्या शेतात पाणी साचले म्हणून वेगळे पैसे मिळण्याची सोय त्या वर्षी काढण्यात आली. तेव्हा हप्ता भरण्याआधी त्या हंगामाचा नियम कृषी कार्यालयात विचारून घ्यावा.

सरकारी मदत आणि विमा या दोन गोष्टी आहेत. तलाठ्याच्या पंचनाम्यावर मिळते ती मदत. ती आधार देते, पण पडलेले घर पुरते उभे करीत नाही. विमा हा करार आहे. लिहिले असेल ते मागण्याचा आपल्याला हक्क आहे आणि लिहिले नसेल ते मागता येत नाही. म्हणून अंगठा किंवा सही करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. यात पूर लिहिला आहे का? रक्कम किती? मुदत कधी संपते?

विमा पाणी येण्यापूर्वी घ्यायचा असतो. उन्हाळ्यातच घ्यावा. विमापत्र, बँकेचे पुस्तक, घरपट्टीची पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर ठेवावी. घराचे आणि सामानाचे फोटो काढून मुंबई-पुण्याच्या नातलगाकडे पाठवावेत. पूर ओसरला की चिखल काढण्यापूर्वी पुन्हा फोटो काढावेत, भिंतीवरची पाण्याची खूण दाखवावी आणि कंपनीला त्वरित कळवावे. कंपनीने दाद दिली नाही तर लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही, किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्याला फी पडत नाही.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कागद घराचे पैसे देईल, माणूस देणार नाही. गाव सोडण्याची सूचना आली की म्हातारीकोतारी, पोरेबाळे आणि गुरे घेऊन आधी उंचावर जावे. मागे राहील त्याची काळजी कागदाला करू द्यावी. आपण कागद वाचायला शिकतो, ते याचसाठी.