पोर्शेच्या कारखान्यात फोनशिवाय : ‘नंतर दुरुस्त करू’ इथे का चालत नाही?

सगळ्यात आधी फोन गेला. जर्मनीतल्या स्टुटगार्ट शहरात पोर्शेच्या म्युझियममध्ये आमचा छोटासा ग्रुप जमला. गाइडने सांगितलं की कारखान्यात फोटो आणि व्हिडिओ पूर्ण बंद. मी फोन लॉकरमध्ये ठेवून दिला. रील सोडा, एक सेल्फीसुद्धा नाही. त्यामुळे मित्रांनो, आज दाखवायला फोटो नाहीत. जे पाहिलं ते समजावून सांगतो.

ऑफिसच्या कामासाठी मी दोन आठवडे जर्मनीत होतो. स्टुटगार्ट हे १९६८ पासून मुंबईचं भगिनी शहर, आणि तिथेही लोकल आहेच. शहराच्या उत्तरेला त्सुफेनहाउझन नावाचा भाग आहे. तिथे १९५० पासून पोर्शेच्या गाड्या बनतात. १९६३ मध्ये जगासमोर आलेली ९११ आजही तिथेच तयार होते. टूर आधी बुक करावी लागते आणि गाइड सोबत असतोच.

पण मी तिथे फक्त गाड्या बघायला गेलो नव्हतो. डोक्यात एक घोळ होता, माझ्याच हातून झालेला.

माझा घोळ

महिनाभर आधी आमच्या टीमने डब्यांच्या ऑर्डर घेणाऱ्या एका अ‍ॅपचं अपडेट सोडलं होतं. शुक्रवारची रात्र होती. जुन्या फोनवर टेस्ट करायची राहिली होती. मीच म्हणालो, “जाऊ दे आता, काही निघालं तर सोमवारी फिक्स करू.” निघालं. जुन्या फोनवर प्रत्येक ऑर्डर दोनदा दिसायला लागली. डबे देणाऱ्या एका काकूंनी शनिवारी पहाटे उठून दुप्पट पोळ्या लाटल्या. कंपनीने त्यांचे पैसे भरून दिले. पण वाया गेलेली पहाट कोणत्या अपडेटने परत येते?

म्हणून कारखान्यात शिरताना मला एकच गोष्ट बघायची होती : हे लोक चुका कधी पकडतात?

एकाच लाइनवर, पण एकसारखी एकही नाही

माझी कल्पना अशी होती की स्पोर्ट्स कार म्हणजे एका कोपऱ्यात बसून चार कारागीर महिनाभर एक गाडी घडवत असतील. प्रत्यक्षात लाइन असते आणि ती सतत पुढे सरकत असते. जागा कमी असल्यामुळे हा कारखाना वर चढत गेलाय. काम वेगवेगळ्या मजल्यांवर चालतं आणि गाड्यांचे सांगाडे रस्त्यावरच्या बंद पुलातून पलीकडे जातात.

खरी गंमत पुढे आहे. एकाच लाइनवर कॅरेरा असते, तिच्या मागे टर्बो असू शकते, त्यामागे जीटी३. शर्यतीत धावणारी कप गाडीसुद्धा याच लाइनवर जुळते. रंग वेगळे, सीट वेगळ्या, शिलाईचा दोरा वेगळा. मध्येच एका गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे दिसलं. म्हणजे ही भारत, ब्रिटन किंवा जपानसारख्या देशात जाणार. आपल्याकडे ९११ तयार होऊनच येते, तेव्हा ती याच लाइनवरून निघालेली असते.

मग गोंधळ कसा होत नाही? प्रत्येक गाडीला स्वतःची ओळख असते, तुमच्या ऑनलाइन ऑर्डरला नंबर असतो तशी. त्या ओळखीला गाडीची पूर्ण यादी जोडलेली असते. त्या यादीप्रमाणे त्याच गाडीचे पार्ट एका ट्रॉलीत आधीच भरून ठेवतात आणि ट्रॉली गाडीसोबत चालते. जर्मन लोक याला चक्क ‘खरेदीची टोपली’ म्हणतात. समोर दहा प्रकारचे आरसे ठेवून कामगाराला “यातला बरोबर कोणता?” हे आठवायला लावायचंच नाही. टोपलीत असतो तोच आरसा. चूक करायला जागाच कमी ठेवायची.

टाक्ट म्हणजे ठेका

कारखान्यांत ‘टाक्ट’ हा शब्द सारखा कानावर येतो. जर्मन भाषेत त्याचा अर्थ संगीतातला ठेका. ढोल-ताशा पथकात एकाने घाई केली की सगळ्यांचा ताल जातो, तसंच हे. हिशोब सोपा आहे. समजा ८ तासांत, म्हणजे ४८० मिनिटांत, १६० गाड्या काढायच्या आहेत. तर प्रत्येक स्टेशनला मिळतात ३ मिनिटं. काम ३ मिनिटांत बसलं पाहिजे. ६ मिनिटांचं असेल तर दोन स्टेशनांत वाटायचं.

आणि अडलं तर? टोयोटाने रूढ केलेली पद्धत आज जगभरच्या कार कारखान्यांत दिसते. कामगार दोरी ओढतो किंवा बटण दाबतो, वर दिवा लागतो, टीमचा प्रमुख धावत येतो. ठरलेल्या वेळात सुटलं नाही तर लाइन थांबते. थांबवणाऱ्याला ओरडा बसत नाही, कारण चूक पुढे गेली की तिच्यावर सीट, दरवाजे, वायरी चढत जातात. मग एक बोल्ट बदलायला अर्धी गाडी उघडावी लागते.

गाडीचं लग्न

सगळ्यात भारी क्षण म्हणजे ‘होखत्साइट’, मराठीत सरळ ‘लग्न’. वरून गाडीची बॉडी येते, खालून इंजिन, गिअरबॉक्स आणि चाकांची जोडणी वर उचलली जाते, आणि दोघांची गाठ पडते. अक्षता तेवढ्या नसतात.

९११ चं इंजिन मागे असतं आणि ते ‘बॉक्सर’ प्रकारचं आहे. सहा सिलिंडर आडवे, तीन डावीकडे आणि तीन उजवीकडे. समोरासमोरचे पिस्टन एकाच वेळी बाहेर जातात आणि एकाच वेळी आत येतात, मुठी आपटणाऱ्या दोन बॉक्सरसारखे. इंजिन बसकं असल्यामुळे वजन जमिनीजवळ राहतं आणि वळणावर गाडी कमी झुकते.

अशा जोडणीत बोल्ट ‘अंदाजाने घट्ट’ करून चालत नाही. आजच्या कार कारखान्यांत महत्त्वाच्या बोल्टसाठी कॉम्प्युटरला जोडलेली हत्यारं असतात. किती जोर लागला ते मोजलं जातं आणि त्या गाडीच्या नावावर नोंदवलं जातं.

करवतीची गोष्ट

हे सगळं पहिल्यापासून असं नव्हतं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला पोर्शे मोठ्या तोट्यात होती. कारागीर उस्ताद होते, पण त्यांचं कसब बऱ्याचदा न बसणारे पार्ट घासून बसवण्यात आणि शेवटी चुका दुरुस्त करण्यात खर्च व्हायचं. लाइनच्या बाजूला पार्टांनी भरलेले उंच रॅक होते.

तेव्हा कंपनीची सूत्रं वेन्डेलिन वीडेकिंग यांच्याकडे आली. त्यांनी टोयोटाच्या पद्धतीत तयार झालेल्या जपानी सल्लागारांना बोलावलं. त्यातल्या एकाने वीडेकिंग यांच्या हातात करवत दिली आणि रॅक वरून कापायला सांगितले. साहेबांनी सगळ्यांसमोर कापले.

का? कारण ढीग चुका लपवतो. एक पार्ट खराब निघाला तर दुसरा उचलायचा आणि पुढे जायचं, पहिला खराब का निघाला ते कोण विचारणार? साठा कमी केला की चूक लगेच समोर येते आणि तिच्या मुळाशी जावंच लागतं.

माझा ‘सोमवारी फिक्स करू’ हा तसाच एक उंच रॅक होता.

मग मी काय बदललं?

सॉफ्टवेअरवाल्यांना एक सोय आहे, आपण गाडी विकल्यानंतरही बोल्ट बदलू शकतो. तुमच्या फोनवर अपडेटखाली ‘बग दुरुस्त केले’ असं येतं ना, तेच ते. सोय चांगली आहे, पण तिच्या भरवशावर चूक मुद्दाम पुढे ढकलायची सवय लागते. आणि मधल्या वेळात तिकडे कोणीतरी पोळ्या लाटत असतं.

परत आल्यावर मी टीमकडून दोन गोष्टी मान्य करून घेतल्या. एक, स्वस्त आणि जुने असे तीन फोन टेबलवर कायम, त्यांच्यावर चालल्याशिवाय अपडेट सुटणार नाही. दोन, टीममधला सगळ्यात नवा मुलगासुद्धा “थांबा” म्हणाला तर अपडेट थांबणार, आणि का थांबवलं म्हणून त्याला कोणी बोलणार नाही.

गेल्या महिन्यात त्या नव्या मुलाने खरंच थांबवलं. शुक्रवारच होता. मला आधी राग आला, मग वर लागणारा दिवा आठवला. आम्ही तासभर जास्त बसलो. काकूंच्या स्वयंपाकघरात दुसऱ्या दिवशी पोळ्या बरोबर मोजून झाल्या.