आधी जबडा, मग दात

खापरखेड्याच्या वीज केंद्रातून किंवा आसपासच्या कोळसा खाणींतून निवृत्त झालेल्यांचे दात गेले, की विचार होतो तो कवळीचा. हाडाचं कुणी विचारत नाही. दात गेल्यावर जबड्याचं हाड झिजू लागतं. वरचा जबडा आत आक्रसतो, खालचा पुढे आल्यासारखा दिसतो. फरक मोठा असेल, तर नुसते इम्प्लांट (कृत्रिम दातांसाठी हाडात रोवायचे टायटॅनियमचे स्क्रू) बसवून वरचे-खालचे दात नीट जुळत नाहीत.

अशा वेळी शल्यचिकित्सक वरचा जबडा आडवा कापून पुढे आणि खाली घेतात, फटीत कमरेच्या हाडाचा तुकडा भरतात आणि टायटॅनियमच्या पट्ट्यांनी सगळं पक्कं करतात. इम्प्लांट बहुतेकदा काही महिन्यांनी, हाड सांधल्यावर. टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं, हे स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांना सशांवरच्या प्रयोगात दिसलं. १९६५ मध्ये त्यांनी ज्या पहिल्या रुग्णाला इम्प्लांट बसवले, त्याचा जबडा तर जन्मतःच सदोष होता.

या शस्त्रक्रियेला नुसतं वय आड येत नाही. आड येतो बेताल मधुमेह. हाडांच्या ठिसूळपणासाठी बिस्फॉस्फोनेट घेत असाल, तर डॉक्टरांना आधीच सांगा. त्या औषधामुळे जबड्याची जखम चिघळू शकते. आणि आपल्या विदर्भात खर्रा! त्यातल्या सुपारीने गालाचं अस्तर ताठरतं, तोंड दोन बोटंही उघडत नाही. मग हत्यारं आत जाणार कशी? खर्रा आधी सुटायला हवा, त्याला पर्याय नाही.

म्हणून इम्प्लांटचा खर्च विचारण्याआधी जबड्याचा त्रिमितीय स्कॅन करून घ्या, आणि हाड किती उरलंय ते विचारा.